घरीच शिकवायचं ठरतंय, पण देश बदलणार आहे. कायदा आणि शिकवणी, दोन्हीबद्दल विचारायचंय

सामानसुमान

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसतं वाचतेय, आज लिहितेय कारण निर्णय घ्यायची वेळ जवळ आलीय आणि घरात रोज तीच तीच चर्चा करून डोकं पिकलंय.

मुलगा दहा वर्षांचा आहे, पाचवी संपत आलीय. त्याला डिस्लेक्सिया आहे, रीतसर तपासणी झालीय, रिपोर्ट हातात आहे. गणितातलं शाब्दिक उदाहरण मी मोठ्याने वाचून दाखवलं की हा कागद न घेता उत्तर सांगतो, आणि तेच उदाहरण छापलेलं समोर ठेवलं की पहिल्या ओळीवर बोट ठेवून बसतो, 'प्रत्येकी' या शब्दापर्यंत पोचेपर्यंत वाक्य कुठून सुरू झालं होतं तेच निसटलेलं असतं. वर्गात फळ्यावरचं उतरवून झालं नाही की मधल्या सुट्टीत बसवून ठेवतात. रिपोर्ट दिला, भेटून बोललो, चार दिवस बरे जातात आणि परत पहिले पाढे पंचावन्न. आता तर रविवारी संध्याकाळपासूनच त्याचं पोट दुखायला लागतं.

म्हणून घरी शिकवायचा विचार पक्का होत आला होता. गणित, विज्ञान, इतिहास-भूगोल मी आणि नवरा वाटून घेऊ शकतो, मला अर्धवेळ काम मिळतंय. वाचन-लेखन मात्र त्यातल्या जाणकार माणसाकडूनच व्हायला हवं, ते माझं काम नाही हे मला कळतं.

आता मेख अशी की नवऱ्याच्या कंपनीने बाहेर जायचं विचारलंय, जर्मनी किंवा इंग्लंड, कदाचित नंतर अमेरिका, काही वर्षांनी परत भारतात यायचंच आहे. ऑफिसमधले एकजण म्हणाले तुम्ही भारतीय पासपोर्टवर आहात, तुमच्या मुलाला तिकडचा शाळेचा कायदा लागू नाही, घरी शिकवा नाहीतर ऑनलाईन शाळेत घाला, कोण विचारतंय. दुसऱ्या म्हणाल्या की मुलं उचलून नेतात. यातलं खरं काय? कुठल्या देशात नक्की काय करावं लागतं, ट्युटर लावला तर तो कायद्यात बसतो का, चांगला ट्युटर शोधायचा कसा आणि परत आल्यावर दहावीचं काय, हे सगळं एकमेकांत इतकं गुंतलंय की एक धागा ओढला की दुसरी गाठ बसते. कुणी स्वतः यातून गेलं असेल तर प्लीज सविस्तर लिहा.

पानगळ

मी जर्मनीत राहते, म्हणून आधी इथलंच सांगते आणि स्पष्ट सांगते. घरी शिकवायचं नक्की असेल तर जर्मनी यादीतून काढा. इथे मुलाने शाळेत हजर राहायलाच हवं असा कायदा आहे, तो प्रत्येक राज्याचा वेगळा असला तरी मुद्दा सगळीकडे तोच आणि पासपोर्ट कुठला हा प्रश्नच येत नाही, मूल इथे राहतंय म्हणजे लागू. ऑनलाईन शाळेत नाव आहे म्हणून शाळेत जात नाही, हे चालत नाही. मान्यता असलेली खाजगी शाळा चालते, पण शाळा हवीच.

मुलं उचलून नेतात वगैरे ऐकून घाबरू नका, पण हसण्यावारीही नेऊ नका. २०१३ मध्ये वुंडरलिश नावाच्या कुटुंबाची चार मुलं पोलीस बरोबर घेऊन जाऊन साधारण तीन आठवडे घराबाहेर ठेवली होती. ते लोक स्ट्रासबुर्गच्या युरोपियन मानवी हक्क न्यायालयात गेले आणि १० जानेवारी २०१९ ला तिथे निकाल जर्मनीच्या बाजूने लागला. त्याआधी २००६ मध्ये कोनराड कुटुंबाची याचिका तर सुनावणीलाच घेतली नव्हती. दोन्ही वेळेला म्हणणं हेच की मुलांनी समाजात मिसळावं यासाठी शाळा सक्तीची ठेवायचा अधिकार सरकारला आहे. पटो न पटो, इथे राहायचं तर तसं वागावं लागतं. बहुतेकदा आधी पत्रं, मग दंड, असं जातं. पण काही वर्षांसाठी आलेल्या परक्या माणसाने हा लढा अंगावर का घ्यावा असं मला मनापासून वाटतं. मुलाचं वाचन सुधारायला आलात की कोर्टकचेरी करायला?

फक्त एक बाजू अजून सांगते कारण ती कुणी सांगत नाही. वाचन-लेखनाच्या अडचणीला इथे शाळेत एलआरएस म्हणतात आणि त्यासाठी परीक्षेत जास्त वेळ, प्रश्न वाचून दाखवणं, काही ठिकाणी शुद्धलेखनाचे गुण न कापणं अशा सवलती लेखी मागता येतात. शाळा सुटल्यावर शिकवणी लावायला काहीच बंदी नाही, भरपूर लोक लावतात. आणि अडचणीमुळे मुलाच्या मनावर परिणाम होतोय असं तज्ज्ञाने लिहून दिलं तर थेरपीचा खर्च काही वेळा बालकल्याण कार्यालयाकडून मिळतो. तुमच्या लेकाचं रविवारचं पोट दुखणं वाचून मला तेच आठवलं. पण हे सगळं जर्मन भाषेतून, आणि दहाव्या वर्षी वाचनात अडखळणाऱ्या मुलावर नवी भाषा, तीही शाळेची म्हणून, याचा विचार तुम्हीच करा.

उंबरठा

आम्ही इंग्लंडमध्ये आहोत आणि धाकटीला घरीच शिकवतोय. इथलं चित्र पानगळ यांनी लिहिलंय त्याच्या अगदी उलटं आहे.

इथे शिक्षण सक्तीचं आहे, शाळा नाही. १९९६ च्या एज्युकेशन ॲक्टचं सातवं कलम वाचा, छोटंसं आहे. मुलाला त्याच्या वयाला, कुवतीला आणि काही विशेष गरज असेल तर तिला साजेसं पूर्णवेळ शिक्षण मिळेल हे बघायची जबाबदारी आईवडिलांची, मग ते शाळेत पाठवून असो वा दुसऱ्या मार्गाने. ते 'वा दुसऱ्या मार्गाने' एवढ्या दोन-तीन शब्दांवर इथलं अख्खं गृहशिक्षण उभं आहे. अभ्यासक्रम कुठला, रोज किती तास, वेळापत्रक काय, हे कायदा सांगत नाही. मूल शाळेत असेल तर शाळेला लेखी कळवायचं, मग शाळा पटावरून नाव काढते आणि कौन्सिलला, म्हणजे स्थानिक प्रशासनाला, कळवते. स्पेशल स्कूलमध्ये असेल तर नाव काढायला कौन्सिलची परवानगी लागते. तुम्ही बाहेरून येताय, नाव कुठल्याच पटावर नाही, म्हणजे काढायचा प्रश्न नाही. मात्र डिसेंबर २०२४ मध्ये संसदेत जे विधेयक मांडलं त्यात शाळेत नसलेल्या मुलांची नोंदणी सक्तीची करायची तरतूद होती, तर निघायच्या आधी तुम्ही ज्या भागात राहणार तिथल्या कौन्सिलच्या साईटवर 'इलेक्टिव्ह होम एज्युकेशन' हे पान उघडून त्या दिवशी नियम काय आहे ते बघाच. स्कॉटलंडचा कायदा वेगळा आहे, तिथे सरकारी शाळेतून मूल काढायला संमती मागावी लागते, सगळ्या ब्रिटनला एकच नियम समजू नका.

कौन्सिलकडून पत्र येतं. येऊ द्या. काय शिकवताय ते विचारतात. उत्तर न देणं हा हक्क आहे असं सांगणारे बरेच भेटतील, मला ते अजिबात पटत नाही. त्यांचं समाधान झालं नाही तर नोटीस देतात, त्यात म्हणणं मांडायला किमान पंधरा दिवस देतात आणि तरीही पटलं नाही तर मुलाला अमुक शाळेत घाला असा आदेश काढू शकतात. दोन पानांचं साधं उत्तर वेळेवर दिलं तर त्या वाटेला जायचीच वेळ येत नाही. आमचं उत्तर म्हणजे कुठल्या विषयाला काय वापरतो, बाहेरचं कोण शिकवतं, गेल्या सहामाहीत काय झालं आणि लिखाणाचे दोन नमुने, तारीख घालून, एक जुना एक नवा. जुना-नवा शेजारी ठेवले की प्रगती सांगावी लागत नाही, दिसते.

ट्युटर कायद्यात बसतो का विचारलंत. बसतो. शिकवायचं कुणी ते तुम्ही ठरवा. पण एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, चार-पाच घरांनी मिळून एक शिक्षक ठेवला आणि सक्तीच्या वयातली पाच किंवा जास्त मुलं तिथे पूर्णवेळ शिकायला लागली की कायद्याच्या नजरेत ती शाळा होते आणि शाळा म्हणून नोंदणी नसेल तर चालवणाऱ्यावर गुन्हा. पालक हौसेने सुरू करतात आणि इथे अडकतात. आठवड्यातून एक-दोन सकाळी एकत्र जमणं वेगळं, त्याला कुणाची हरकत नाही.

पैसे मात्र सगळे आपले. पुस्तकं, शिकवणी, पुढे जीसीएसईची, म्हणजे इथल्या दहावीच्या तोडीच्या परीक्षेची, फी, कौन्सिल काही देत नाही. विशेष गरजांचा ईएचसीपी नावाचा आराखडा घरी शिकणाऱ्या मुलासाठीही मागता येतो, त्याचा पाठपुरावा दमछाक करणारा आहे पण करा.

मुक्काम_पोस्ट

सामानसुमान ताई, अमेरिकेचं नाव घेतलंत म्हणून थोडक्यात लिहितो. अमेरिकेचा एक कायदा असं काही नाहीच, पन्नास राज्यं म्हणजे पन्नास नियम. १९९३ पासून सगळीकडे कायदेशीर आहे एवढंच सामाईक. टेक्सासमध्ये कुणाला कळवावंही लागत नाही, वाचन, स्पेलिंग, व्याकरण, गणित आणि नागरिकशास्त्र मनापासून शिकवा, बस. न्यूयॉर्कमध्ये आधी पत्र, मग वर्षाचा आराखडा, दर तिमाहीला अहवाल, वर्षाअखेर मूल्यमापन, पहिली ते सहावी वर्षाला ९०० तास आणि सातवीपासून ९९०. म्हणजे कंपनी 'अमेरिका' म्हणाली तर पुढचा प्रश्न 'कुठलं राज्य' हाच विचारा.

ट्युटरचं म्हणाल तर कॅलिफोर्नियात त्याचा वेगळाच मार्ग आहे. राज्याचं शिक्षक प्रमाणपत्र असलेला ट्युटर रोज किमान तीन तास, वर्षात १७५ दिवस, सकाळी आठ ते दुपारी चारच्या दरम्यान शिकवत असेल तर मूल शाळेच्या सक्तीतून सुटतं. प्रमाणपत्र नसलेला कितीही हुशार माणूस ठेवला तरी या मार्गात बसत नाही, मग आईवडिलांनी स्वतःच्या नावाने खाजगी शाळेचं शपथपत्र भरायचं, ऑक्टोबरच्या १ ते १५ मध्ये, आणि त्याखाली कुणालाही मदतीला घ्यायचं. आणि न्यूयॉर्कमध्ये गटाने काही विषय शिकवले तर चालतं, पण पालकांनी मिळून ट्युटर ठेवून निम्म्याहून जास्त शिक्षण तिथेच केलं की तीही शाळाच धरतात. उंबरठा यांनी लिहिलं तसंच.

पासपोर्टचं जे कुणी सांगितलं ते अर्धवट ऐकलेलं असणार. सिंगापूरमध्ये सक्तीच्या शिक्षणाचा कायदा खरंच फक्त तिथल्या नागरिकांना लागू आहे. त्यावरून लोक सगळीकडे तसंच समजतात. बहुतेक देश मूल कुठे राहतं ते बघतात. युरोपातच फ्रान्स घ्या, २०२१ च्या कायद्याने तिथे नुसतं कळवणं बंद झालं आणि २०२२ पासून दरवर्षी परवानगी घ्यावी लागते, तीही ठराविक चार कारणांसाठीच, आजारपण किंवा अपंगत्व, खेळ किंवा कलेचा खूप सराव, फिरतं घर किंवा शाळा फार लांब, आणि मुलाची स्वतःची काही खास परिस्थिती. स्वीडनने २०११ पासून अगदी अपवाद सोडून बंदच केलंय. नियम असे बदलतात, त्यामुळे पाच वर्षांपूर्वी कुणी काय केलं ते ऐकून तिकीट काढू नका.

सामानसुमान

पानगळ, उंबरठा, मुक्काम_पोस्ट, खरंच किती मनापासून लिहिलंत. जर्मनीचा विषय काल रात्रीच आम्ही दोघांनी बाजूला ठेवला. नवरा इंग्लंडसाठी हो कळवतोय.

उंबरठा, ते जुना-नवा नमुना शेजारी ठेवायचं लगेच सुरू केलं, आजच्या तारखेचं एक पान काढून ठेवलंय.

आता शिकवणीबद्दल कुणी लिहील का? मी दोन-तीन ऑनलाईन ट्युटरांशी बोलले. प्रत्येकजण म्हणतो हो हो डिस्लेक्सियाची मुलं शिकवलीत, पण विचारलं काय करता तर म्हणतात आम्ही प्रेमाने आणि संयमाने शिकवतो. प्रेम आणि संयम माझ्याकडेही आहे हो, मला पुढचं हवंय.

पाटीपेन्सिल

मी वाचनाची अडचण असलेल्या मुलांनाच शिकवते, त्यातली बरीच शाळेत न जाणारी आहेत, म्हणून लिहायला बसले. लांबेल.

तुम्हाला आलेली शंका अगदी बरोबर आहे. अशा मुलाला शिकवणारा माणूस पुढच्या तासाला काय घेणार आणि तेच का, हे सांगू शकला पाहिजे. डिस्लेक्सियात ध्वनी आणि अक्षर यांची सांगड आपोआप बसत नाही, ती पायरीपायरीने बसवावी लागते, आधी सुटे ध्वनी, मग जोडी, मग शब्दाचे तुकडे, मग उपसर्ग-प्रत्यय, आणि प्रत्येक पायरी ऐकून, बोलून, बघून, हाताने लिहून पक्की झाल्याशिवाय पुढची नाही. १९३० च्या दशकात ऑर्टन आणि गिलिंगहॅम यांनी ही दिशा घालून दिली, आज वेगवेगळ्या नावांचे कोर्स दिसतात त्यातले बरेच त्याच मुळातून आलेत. तर ट्युटरला विचारा, तुमचं प्रशिक्षण कुठल्या पद्धतीचं, आणि मुलगा 'इम्पॉर्टंट' वाचताना 'इम्पॉ' वर अडकला तर तुम्ही त्या क्षणी काय कराल. 'मी शब्द सांगून टाकेन' किंवा 'चित्र बघून अंदाज कर म्हणेन' असं उत्तर आलं तर नमस्कार करून निघा. 'मी बोटाने शब्दाचे तुकडे पाडेन, त्याला माहीत असलेला तुकडा त्यालाच ओळखायला लावेन' असं काही आलं तर बसून ऐका.

दुसरं म्हणजे तास. पालकांना वाटतं आठवड्यातून एकदा दोन तास घेतले की सोयीचं. या मुलांना ते जमत नाही, पाऊण तासानंतर डोकं थकतं आणि मधल्या सहा दिवसांत सगळं विरून जातं. पाऊण तासाच्या तीन-चार तासिका आठवड्याला, आणि मधल्या दिवशी घरी दहा मिनिटं तेच. परवडत नसेल तर दोन तासिका ट्युटरच्या आणि बाकीचे दिवस तुम्ही, पण मग ट्युटरने तुम्हाला त्या दहा मिनिटांत काय घ्यायचं ते शिकवलं पाहिजे. हे करायला जो तयार नाही त्याला तुमच्या घराचं गणित कळलेलं नाही, कारण घरी शिकणाऱ्या मुलाचा ट्युटर म्हणजे शाळेचा गृहपाठ संपवून देणारा माणूस नव्हे. शाळा तुम्ही आहात, तो तुमचा सहकारी.

ऑनलाईन चालतं का, तर दहा वर्षांच्या मुलाला चालतं, फक्त कॅमेरा चेहऱ्यावर नको, वहीवर हवा. मूल कसं लिहितंय, 'बी' काढताना आधी गोल काढतंय की आधी काठी, खोडतंय कुठे, हे दिसलं नाही तर शिकवणारा आंधळा. एक साधा फोन उंचावर बांधून वहीकडे वळवला की काम होतं. तुम्ही त्याच खोलीत किंवा ऐकू येईल इतक्या अंतरावर असा. कुठल्याही चांगल्या ट्युटरला याचा राग येत नाही, ज्याला येतो त्याला नको. घरी येणारा असेल तर ओळखीची कागदपत्रं बघा आणि आधीच्या दोन पालकांशी स्वतः फोनवर बोला, लेखी शिफारशीवर जाऊ नका.

शोधायचं कुठे? जाहिरातींच्या ॲपवरून सुरुवात करू नका. तुम्ही जाताय तिथे ब्रिटिश डिस्लेक्सिया असोसिएशन आहे, इकडे महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन आहे, अशा संस्थांकडे प्रशिक्षित लोकांची माहिती मिळते. त्या भागातल्या होमस्कूलिंग पालकांचे गट असतात, त्यात 'ट्युटर सुचवा' असं लिहू नका, 'कुणाच्या मुलाचं वाचन कुणाकडे सुधारलं' असं विचारा, उत्तरं एकदम कमी येतात आणि खरी येतात. निवृत्त शिक्षकांमध्येही सोन्यासारखी माणसं सापडतात, विशेषतः ज्यांनी पहिली-दुसरीला वर्षानुवर्षं शिकवलंय.

पैशाचं आणि सुट्टीचं लिहून घ्या. तास रद्द झाला तर काय, महिन्यात किती बदल चालतील, महिन्याच्या शेवटी अर्ध्या पानाची नोंद देणार का. ती नोंद मागाच. उंबरठा म्हणतात त्या कौन्सिलच्या उत्तरात तीच जशीच्या तशी जोडता येते, आणि देश बदलला की पुढचा ट्युटर पहिल्यापासून सुरू न करता तिथून सुरू करतो.

फाईलवाली

परत आल्यावरचं मी सांगते, वकिलीत नाही पण शिक्षणाच्या कागदपत्रांत आयुष्य गेलंय.

आपल्याकडे शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू १ एप्रिल २०१० पासून, वय सहा ते चौदा. त्यात दहाव्या कलमात मुलाला जवळच्या शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य म्हटलंय, पण ते केलं नाही तर पालकांना शिक्षा काय ते कुठेच लिहिलेलं नाही, आणि घरी शिकवण्याबद्दल कायद्यात एक अक्षर नाही, ना परवानगी ना बंदी. त्यामुळे लोक घरी शिकवतात, पण 'पूर्ण कायदेशीर आहे' असं छातीठोक सांगणाऱ्यावर आणि 'गुन्हा आहे' म्हणणाऱ्यावर, दोघांवर विश्वास ठेवू नका. उपयोगाचं कलम म्हणजे चौथं, शाळेबाहेर राहिलेल्या मुलाला वयाप्रमाणे वर्गात प्रवेश मिळतो. म्हणजे चौदाच्या आत परत आलात आणि शाळेत घालावंसं वाटलं तर दार बंद नाही.

परीक्षेसाठी एनआयओएस. राष्ट्रीय मुक्त विद्यालय. चौदा पूर्ण झाली की दहावीला नोंदणी होते, खालच्या इयत्तांसाठी तिसरी, पाचवी, आठवीच्या तोडीच्या ए, बी, सी अशा पातळ्या आहेत. दहावीला पाच विषय, ते एकदम द्यायची सक्ती नाही, पाच वर्षांत नऊ संधी मिळतात, वर्षातून दोनदा परीक्षा. दमत दमत शिकणाऱ्या मुलाला हे फार मानवतं, यंदा गणित आणि चित्रकला, पुढच्या खेपेला बाकीचे. वीस टक्के गुण घरी लिहायच्या असाइनमेंटचे असतात, ते पालक हलक्यात घेतात आणि तारखा चुकवतात. लेखनिक आणि जादा वेळ मिळतो, त्यासाठी दिव्यांग कायदा २०१६ खालचं प्रमाणपत्र काढा, वाचन-लेखनाची अक्षमता त्या यादीत आहे. नुसत्या खाजगी रिपोर्टवर बसू नका, सरकारी रुग्णालयाच्या कागदाला सगळीकडे मान आहे आणि तो काढायला वेळ लागतो.

एनआयओएसने पुढचे रस्ते बंद होतात का हा प्रश्न येणारच म्हणून लिहिते. जेईईला पाच विषयांसह बारावी असली तर चालते. नीटच्या बाबतीत २०१८ मध्ये मुक्त विद्यालयाच्या मुलांना अपात्र ठरवलं होतं, ते त्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयाने रद्द केलं, आता हरकत नाही. इंग्लंडमधून जीसीएसई करून आलात तर किमान पाच विषय चांगल्या श्रेणीत असू द्या आणि त्यात इंग्रजी असू द्या, म्हणजे दहावीच्या बरोबरीचं प्रमाणपत्र मागताना अडत नाही.

आणि इथल्या शिकवणीबद्दल दोन गोष्टी. शिक्षण हक्क कायद्याचं २८ वं कलम शाळेतल्या शिक्षकाला खाजगी शिकवणी घ्यायला मनाई करतं. सर्रास चालतं म्हणून तुम्ही त्यात पडू नका, मध्येच तक्रार झाली की तुमचं मूल अर्ध्यावर लटकतं. आणि केंद्राच्या जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे मोठ्या कोचिंग क्लासने सोळाच्या आतल्या मुलाला घ्यायचं नाही. पन्नासपेक्षा कमी मुलांची घरगुती शिकवणी त्यात येत नाही.

निघायच्या आधी सध्याच्या शाळेकडून दाखला, शेवटचं प्रगतिपत्रक आणि जन्मतारखेची नोंद मूळ प्रतीत घ्या. मूल घरी शिकणार म्हणून शाळा रुसून दाखला द्यायला टाळाटाळ करते असं बघितलंय, तुम्ही 'परदेशी बदली' एवढंच लिहा, ते खरंही आहे.

पानगळ

पाटीपेन्सिल यांचं वहीवर कॅमेरा लावायचं वाचून मी आजच भाचीला कळवलं. सामानसुमान, एकच विचारायचं होतं, मुलाला विचारलंत का? म्हणजे घरी शिकायचं त्याला हवंय की फक्त ही शाळा नकोय, या दोन गोष्टी निराळ्या आहेत. इंग्लंडमध्ये दुसरी शाळा चांगली मिळाली तर?

उंबरठा

पानगळ यांचा प्रश्न योग्य आहे. मधला मार्गही आहे इथे, फ्लेक्सी-स्कूलिंग, आठवड्यातले काही दिवस शाळा, काही दिवस घर. तो हक्क नाही, मुख्याध्यापकांच्या मर्जीवर आहे, लहान शाळा जास्त तयार होतात. अर्ज करण्याआधी प्रत्यक्ष जाऊन बोला. आणि एक राहिलं होतं, जीसीएसईला खाजगी उमेदवार घेणारं केंद्र स्वतः शोधावं लागतं, बऱ्याच शाळा नाही म्हणतात, ज्या विषयांत शाळेत करायचं प्रकल्पकाम असतं ते बाहेरून देता येत नाहीत म्हणून घरी शिकणारी मुलं आयजीसीएसईकडे, म्हणजे त्याच परीक्षेच्या आंतरराष्ट्रीय आवृत्तीकडे, वळतात. तुम्हाला अजून वेळ आहे, पण घर बघताना जवळ असं केंद्र आहे का एवढं बघून ठेवा.

सामानसुमान

विचारलं पानगळ. म्हणाला, मला शिकायचं आहे पण सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायचं नाहीये. मग मी विचारलं शाळेत कुणाशी खेळायला आवडेल का, तर म्हणे हो, खेळायला जाईन. म्हणजे तुम्ही म्हणताय ते बरोबरच आहे, दार उघडं ठेवते. पहिलं वर्ष घरी, वाचनावर पूर्ण भर आणि त्या दरम्यान जवळच्या लहान शाळांमध्ये जाऊन बोलते.

फाईलवाली ताई, सरकारी रुग्णालयातल्या तपासणीची तारीख घेतली, निघायच्या आधीची मिळाली. दाखल्याचा अर्ज उद्या देतेय, तुम्ही सांगितलं तेवढंच लिहून.

पाटीपेन्सिल, तुमचा 'इम्पॉर्टंट' चा प्रश्न मी काल एका ट्युटर बाईंना विचारला. त्या म्हणाल्या आधी मी बघेन त्याला 'पोर्ट' येतो का, येत असेल तर तिथून दोन्ही बाजूंना जाईन. पुढच्या आठवड्यात त्यांच्याकडे एक तास करून बघायचा आहे. त्या तासाला मी काय बघू?

पाटीपेन्सिल

उत्तर फार छान दिलंय बाईंनी. तासाला तुम्ही मुलाकडे बघू नका, बाईंकडे बघा. तो चुकल्यावर त्या किती थांबतात, लगेच बोलतात की त्याला स्वतः परत बघायला वेळ देतात. तासात त्याने बरोबर वाचलेले शब्द चुकलेल्यांपेक्षा खूप जास्त असले पाहिजेत, सगळंच अडत असेल तर पायरी चुकीची निवडलीय. शेवटी त्यांना सांगा, आज काय दिसलं ते मला तीन वाक्यांत सांगा. आणि मुलाला तास कसा होता असं विचारू नका, उद्या परत जायचंय का एवढंच विचारा, आणि उत्तर काहीही आलं तरी अजून एक तास करून मगच ठरवा, पहिल्या दिवशी मुलं नव्या माणसाला बिचकतात.